पहिली लाइव्ह पोकर टूर्नामेंट: २०,००० चिप्स किती वेळ पुरतात?

प्रश्न थोडक्यात असा: मित्रांबरोबर आणि मोबाइलवर टेक्सस होल्डेम खेळण्याची सवय आहे, आता पहिल्यांदाच लाइव्ह टूर्नामेंटला नाव दिलं आहे. नऊ जणांचं टेबल, सुरुवातीला २०,००० चिप्स, २० मिनिटांच्या लेव्हल (म्हणजे सक्तीने भरायची रक्कम दर २० मिनिटांनी वाढते). टेबलावर हसं होऊ नये आणि जमलं तर बक्षिसाच्या यादीत यावं, एवढीच अपेक्षा. चांगली पानं येईपर्यंत शांत बसून राहायचं, असा बेत आहे. तो बरोबर आहे का?

बेत चुकीचा आहे. त्याचं कारण स्वभावात नाही, हिशोबात आहे, म्हणून आधी हिशोबच मांडतो.

लाइव्ह टेबलावर डीलर हाताने पानं पिसतो, वाटतो, लोक विचार करतात, चिप्स मोजतात, पॉट (मधोमध जमलेल्या चिप्स) सरकवला जातो. नऊ जण बसले असतील तर तासाला साधारण २५ ते ३० डाव होतात. मोबाइलवर याच्या दुप्पट तरी सहज होतात, आणि तिथे लागलेली सवय इथे दगा देते. २० मिनिटांच्या लेव्हलमध्ये तुमच्या वाट्याला आठ-दहा डाव येतील, म्हणजे डीलर बटणाची (दर डावाला एक सीट पुढे सरकणाऱ्या खुणेची) जेमतेम एक फेरी. फेरी संपली की ब्लाइंड, म्हणजे बटणाच्या डावीकडच्या दोघांनी पानं बघण्याआधीच भरायच्या छोट्या (स्मॉल) आणि मोठ्या (बिग) रकमा, वाढले.

आता एक नेहमीच्या धाटणीचा तक्ता घ्या: १००/१००, १००/२००, २००/३००, २००/४००, ३००/६००, ४००/८००, ५००/१,०००, ६००/१,२००, ८००/१,६००, १,०००/२,०००. हल्ली बहुतेक ठिकाणी प्रत्येकाकडून वेगळी अँटी (ब्लाइंडखेरीज दर डावाला भरायचा वाटा) घेत नाहीत, बिग ब्लाइंडवर बसलेला सगळ्यांची मिळून एक अँटी भरतो आणि ती बिग ब्लाइंडएवढी असते. म्हणजे चौथ्या लेव्हलला एका फेरीचा खर्च २०० अधिक ४०० अधिक ४००, एकूण १,००० चिप्स. पहिल्या सहा लेव्हलचा खर्च याच पद्धतीने ३००, ५००, ८००, १,०००, १,५०० आणि २,००० येतो. बेरीज ६,१००. दोन तास एकही पान न खेळता नुसते बसलात तर सातव्या लेव्हलला तुमच्याकडे १३,९०० चिप्स उरतात, आणि तेव्हा बिग ब्लाइंड १,००० चा असतो. तुमचा स्टॅक, म्हणजे जवळच्या सगळ्या चिप्स, १४ बिग ब्लाइंड. आणखी तीन लेव्हल तसेच बसलात तर ४,४०० उरतील, म्हणजे सव्वादोन बिग ब्लाइंड. बोट न हलवता बाहेर.

आणि या दोन तासांत येणार काय? राणीची, राजाची किंवा एक्क्याची जोडी सरासरी ७४ डावांत एकदा येते. दोन तासांचे ६० डाव धरले तर त्यांतली एकही जोडी न येण्याची शक्यता ४४ टक्के आहे. एक्का-राजा ८३ डावांत एकदा येतो, आणि आला तरी फ्लॉपवर (टेबलावर उघडणाऱ्या पहिल्या तीन सामायिक पानांवर) त्याची जोडी जुळते ती तीनांतून एकदाच. लोक याला नशीब खराब म्हणतात. हे नशीब सरासरीच आहे, डाव कमी आहेत.

टीव्हीवर दिसणाऱ्या मोठ्या स्पर्धांवरून अंदाज बांधू नका. लास व्हेगासच्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मेन इव्हेंटची प्रवेश फी १०,००० डॉलर आहे, तिथे अलीकडच्या वर्षांत ६०,००० चिप्स आणि दोन-दोन तासांच्या लेव्हल असतात. एका लेव्हलमध्ये ५०-६० डाव मिळतात. २००३ मध्ये ८३९ खेळाडूंत ख्रिस मनीमेकर हा हौशी हिशोबनीस तिथे जिंकला, २५ लाख डॉलर घेऊन गेला आणि जगभरच्या हौशी लोकांना हुरूप आला. पण ती रचना वेगळी. तिथे वाट पाहायला वेळ असतो, २० मिनिटांच्या लेव्हलमध्ये नसतो. म्हणून नाव देण्याआधी फीपेक्षा तक्ता जास्त बारकाईने बघा: लेव्हल किती मिनिटांची, सुरुवातीला किती बिग ब्लाइंड, आणि मध्ये एखादी पायरी गाळून ब्लाइंड एकदम दुप्पट होतात का.

आता टेबलावर बसण्याबद्दल.

ओळखपत्र घेऊन अर्धा तास आधी पोचा. पावतीवर टेबल आणि सीटचा क्रमांक असतो, सीट बदलून मिळत नाही. बसल्यावर पहिलं काम चिप्स मोजणं. २०,००० चा संच बहुधा असा असतो: १०० च्या दहा, ५०० च्या आठ, १,००० च्या दहा आणि ५,००० ची एक. रंगावर विसंबू नका, ठिकाणागणिक रंग बदलतात, आकडा वाचा. मोठ्या किमतीच्या चिप्स पुढे, सगळ्यांना दिसतील अशा ठेवायच्या. लपवून मागे ठेवणं नियमात बसत नाही. टेबल बदललं तरी चिप्स खिशात घालायच्या नाहीत, ट्रेमध्ये उघड न्यायच्या. खिशात घातलेल्या चिप्स जप्त होऊ शकतात.

पानं टेबलावरून उचलू नका. दोन्ही तळहातांचा आडोसा करून अंगठ्याने कोपरे उचलायचे, बघायचं आणि पानांवर एखादी चिप किंवा आणलेलं नाणं ठेवायचं. हे शोभेसाठी नाही. पानांवर काही नसेल आणि डीलरने ती चुकून गोळा केली तर डाव गेला, भरलेले पैसेही गेले, दाद मागता येत नाही. डीलरच्या अगदी डावी-उजवीकडच्या सीटवर हे जास्त होतं, कारण त्याचा हात तिथूनच फिरतो. आणखी एक: आपली पानं आपली पाळी आल्यावरच बघा. त्याआधीचा वेळ इतर जण त्यांची पानं कशी बघतात ते पाहण्यात घालवा. डावीकडचे दोघे पानं बघून लगेच टाकायच्या तयारीत बसले असतील, तर तुम्हाला पाळी यायच्या आधीच अर्धी माहिती मिळालेली असते.

हौशी खेळाडूची खरी फजिती होते ती चिप्स पुढे करताना. मोबाइलवर बटण दाबलं की काम होतं. इथे तुमचा हात आणि तुमचं तोंड, दोन्हीचे नियम आहेत. बहुतेक ठिकाणी टूर्नामेंट डायरेक्टर्स असोसिएशनचे नियम किंवा त्यांच्या जवळचे नियम चालतात, त्यांतले हे चार तरी पाठ असावेत.

एकच मोठी चिप न बोलता टाकली तर तो कॉल, म्हणजे समोरच्याइतकंच भरणं. ब्लाइंड २००/४००, कोणीतरी १,२०० केले, तुमच्या हातात राजाची जोडी, तुम्ही ५,००० ची चिप गुपचूप पुढे सरकवली. तुमच्या मनात रेझ (रक्कम वाढवणं) होता, डीलर तुम्हाला ३,८०० परत देईल आणि मागचे तिघे स्वस्तात फ्लॉप बघतील. मग राजाच्या जोडीला फ्लॉपवर एक्का दिसला की चेहरा लपवायची वेळ येते.

दोन हप्त्यांत चिप्स टाकायच्या नाहीत. कॉलपुरत्या चिप्स ठेवल्या, हात मागे नेला, परत स्टॅकमधून उचलून आणखी ठेवल्या, तर दुसरा हप्ता परत मिळतो आणि कॉलच धरला जातो. ‘तुझे हजार, वर आणखी दोन हजार’ हा सिनेमातला संवादही असाच फसतो.

अर्ध्याचा नियम. समोरून १,००० ची बेट (लावलेली रक्कम) आहे. किमान रेझ एकूण २,००० चा. तुम्ही न बोलता १,००० आणि ५०० च्या चिप्स टाकल्या, तर वाढ निम्मी भरली म्हणून तुम्हाला २,००० पूर्ण करावे लागतील. १,००० बरोबर १०० च्या चारच चिप्स टाकल्या असत्या तर ४०० परत मिळून तो कॉल ठरला असता.

तोंडाने बोललेलं बांधील. पाळी आल्यावर ‘कॉल’ म्हणालात की कॉल, मग हातातल्या चिप्स काहीही म्हणोत. पाळी नसताना बोललात आणि मधल्या खेळाडूने काही वाढवलं नाही, तर तेही तुमच्या गळ्यात पडू शकतं.

या सगळ्यावर उपाय एकच आणि अगदी सोपा: आधी बोला, मग हात हलवा, आणि बोलताना एकूण आकडा सांगा. ‘रेझ, एकूण तीन हजार.’ एवढं म्हटल्यावर चिप्स कितीही हप्त्यांत मोजून ठेवा, कोणी हरकत घेणार नाही. पहिल्या तासात हे जरा नाटकी वाटेल, वाटू द्या.

ऑल-इनच्या, म्हणजे सगळ्या चिप्स पुढे करण्याच्या, वेळी आणखी एक खड्डा असतो. समोरचा ‘ऑल-इन’ म्हणाला, तुम्हाला त्याच्यापुढे सात-आठ हजार दिसतात, तुम्ही कॉल केलात आणि मागून ५,००० च्या दोन चिप्स निघाल्या. अठरा हजार झाले. आकडा नीट समजून घेणं ही कॉल करणाऱ्याची जबाबदारी मानली जाते, म्हणून तुम्हाला पूर्ण भरावे लागतील. आधी डीलरला मोजायला सांगा. तो तुमचा हक्क आहे, त्यात वेळकाढूपणा नाही. डीलर किंवा समोरचा यांच्याशी कशावरही मतभेद झाला तर वाद घालत बसू नका, ‘फ्लोअर’ म्हणून टूर्नामेंटच्या निरीक्षकाला हाक द्या आणि पानांना, चिप्सना हात न लावता थांबा. डाव पुढे सरकल्यावर केलेल्या तक्रारीला किंमत उरत नाही.

शेवटी पानं दाखवायची वेळ आली की दोन्ही पानं उघडी करून टेबलावर ठेवा आणि पॉट तुमच्याकडे सरकेपर्यंत सोडू नका. समोरच्याने ‘फ्लश’ (एकाच रंगाची, उदाहरणार्थ सगळी बदामाची, पाच पानं) म्हटलं म्हणून आपली पानं पालथी फेकणारे दर टूर्नामेंटमध्ये दिसतात. बोललेल्या फ्लशला अर्थ नसतो, उघडी पानं जे सांगतात तेच खरं, आणि ते वाचणं डीलरचं काम. चुकून एखादी सरळ रांग (ओळीने पाच पानं) तुमच्या नजरेतून सुटली असेल तर ती डीलरला दिसेल, पण पानं उघडी असतील तरच.

एवढं सांभाळलंत की हसं होणार नाही. आता खेळ.

स्टॅक चिप्समध्ये मोजणं सोडा, बिग ब्लाइंडमध्ये मोजा. भिंतीवरच्या पडद्यावर सरासरी स्टॅक झळकत असतो, त्याच्याकडे बघून घाबरण्यात किंवा फुशारण्यात अर्थ नाही. सरासरीच्या निम्मे असूनही २५ बिग ब्लाइंड असतील तर तुम्ही सुखात आहात. सरासरीएवढे असून दहाच बिग ब्लाइंड असतील तर सगळं टेबलच अडचणीत आहे.

पहिला तासभर, म्हणजे २०० पासून साधारण ५० बिग ब्लाइंडपर्यंत, स्वस्तात फ्लॉप बघून मोठा पॉट मारण्याचा काळ. लहान जोड्या इथे खेळण्यासारख्या असतात. जोडीचं तिसरं पान फ्लॉपवर येण्याची शक्यता १२ टक्क्यांच्या आसपास, साडेआठ वेळांतून एकदा. म्हणून कॉलसाठी लागतील त्याच्या पंधरा-वीस पट चिप्स तुमच्याकडेही आणि समोरच्याकडेही मागे असल्या पाहिजेत. नसतील तर पंजीची जोडी फेकून द्यावी. एक्क्याबरोबर त्याच रंगाचं लहान पान, म्हणजे दोन्ही बदाम किंवा दोन्ही इस्पिक, बटणावरून खेळा. टेबलाच्या सुरुवातीच्या पाळीवरून खेळू नका, कारण फ्लॉपनंतर प्रत्येक वेळी तुम्हालाच आधी बोलावं लागेल. तिथून सत्तीच्या वरच्या जोड्या, एक्का-राणी आणि त्याहून वरचं, एकाच रंगाचे एक्का-गुलाम किंवा राजा-राणी, इतपत पुरे. जसजसे बटणाकडे सरकाल तसतशी ही यादी वाढवत न्यायची.

हौशी टेबलांचा एक ठळक गुण म्हणजे लोक कॉल फार करतात आणि रेझ कमी. म्हणून या काळात सुरुवातीचा रेझ तीन बिग ब्लाइंडचा ठेवा आणि आधी जितके जण नुसते कॉल करून आत आलेत त्या प्रत्येकामागे एक बिग ब्लाइंड वाढवा. दोन जण आत असतील तर पाच. आणि ब्लफ आवरा. जो माणूस मधल्या जोडीवर तीन वेळा कॉल करतो त्याला चौथ्यांदा धाक दाखवण्यात हशील नाही. त्याच्याकडून पैसे काढण्याचा मार्ग म्हणजे पानं चांगली असताना मोठी बेट लावणं, पॉटच्या दोन तृतीयांश किंवा जास्त. त्याउलट तासभर गप्प बसलेला माणूस रिव्हरवर (शेवटच्या, पाचव्या सामायिक पानावर) अचानक रेझ करतो तेव्हा त्याच्याकडे खरोखर काहीतरी असतं. तुमच्याकडे एक्क्याची जोडी असली तरी ती एक जोडीच आहे, टाका. हा एक फोल्ड (पानं टाकून देणं) शिकायला लोकांना वर्षं लागतात.

हात थरथरण्याबद्दल मोठा गैरसमज आहे. चिप्स ठेवताना समोरच्याचा हात कापू लागला तर तो घाबरून ब्लफ करतोय असं नवख्यांना वाटतं. बहुतेक वेळा उलट असतं, मोठी पानं लागल्याच्या उत्तेजनेने हात कापतो. काळ्या गॉगलने हे झाकलं जात नाही, तेव्हा गॉगलवर खर्च करू नका.

फ्लॉपवर काहीतरी जुळायची वाट बघत कॉल करायचा की नाही, याला साधा हिशोब आहे. उपयोगी पानं मोजा. दोन पानं यायची बाकी असतील आणि पुढे आणखी पैसे भरावे लागणार नसतील, म्हणजे ऑल-इन झालेलं असेल, तर गुणिले चार. एकच पान यायचं असेल तर गुणिले दोन. फ्लशला नऊ पानं उपयोगी, म्हणजे दोन पानांत सुमारे ३५ टक्के आणि एका पानात १९-२०. दोन्ही टोकं उघडी असलेल्या रांगेला आठ, ३१ आणि १७. मधलं एक पान हवं असेल तर चारच, १६ आणि ९. चूक होते ती इथे: फ्लॉपवर ३५ टक्के धरून कॉल करायचा आणि टर्नला (चौथं पान उघडल्यावर) समोरच्याने पुन्हा बेट लावली की मग कळायचं की आपण एकाच पानाचे पैसे दिले होते.

पन्नासवरून खाली, साधारण ४० ते २० बिग ब्लाइंडच्या पट्ट्यात, सुरुवातीचा रेझ दोन ते अडीच बिग ब्लाइंडवर आणा. नुसता कॉल करून आत येणं जवळजवळ बंद. इथे तुमची कमाई पानांवर नाही, ब्लाइंड आणि अँटी उचलण्यावर होते. पाचव्या लेव्हलला मधोमध १,५०० चिप्स पडलेल्या असतात. प्रत्येक फेरीत बटणावरून किंवा त्याच्या उजवीकडच्या सीटवरून एकदा त्या उचलल्यात तर तुमची फेरी फुकट झाली. वर मांडलेला ६,१०० चा खर्च असाच भरून काढायचा असतो. कोणाचे ब्लाइंड उचलायचे हे माणूस बघून ठरवा: डावीकडचे दोघे चिडून कॉल करणारे असतील तर थांबा, पानं टाकून मोबाइल बघणारे असतील तर रोज दिवाळी.

वीसच्या खाली आल्यावर दुसऱ्याच्या रेझवर थेट ऑल-इन हे सगळ्यात चांगलं हत्यार. सातवी लेव्हल, तुमच्याकडे १६,०००, बटणावरच्या माणसाने २,५०० केले. पॉटमध्ये त्याचे २,५००, ब्लाइंडचे १,५०० आणि अँटीचे १,००० मिळून ५,००० झाले. तो फोल्ड झाला तर तुमचा स्टॅक ३१ टक्क्यांनी वाढला. नुसता कॉल करून एक्का-दश्शीवर फ्लॉपची वाट बघण्यापेक्षा हे बरं. मात्र सुरुवातीच्या पाळीवरून रेझ करणाऱ्यावर हे करू नका, त्याची पानं खरी असतात.

बारा बिग ब्लाइंडच्या खाली दोनच पर्याय उरतात, ऑल-इन किंवा फोल्ड. मधला छोटा रेझ करून नंतर फोल्ड करणं म्हणजे स्टॅकचा पाचवा हिस्सा दान. हिशोब करून बघा. दहावी लेव्हल, तुम्ही बटणावर, २०,००० चिप्स, सगळे फोल्ड होत तुमच्यापर्यंत आले. मध्ये ५,००० पडलेत. उरलेले दोघे प्रत्येकी १५ टक्के पानांवर कॉल करणार असं धरा. दोघेही फोल्ड होण्याची शक्यता ७२ टक्के. कॉल झालाच आणि तुमची जिंकायची शक्यता फक्त ३५ टक्के असली, तरी ४३,००० च्या पॉटमधला तुमचा वाटा १५,००० होतो, म्हणजे सरासरी तोटा ५,००० चा. ७२ टक्के वेळा ५,००० मिळतात, २८ टक्के वेळा ५,००० जातात. सरासरी नफा एका बिग ब्लाइंडपेक्षा जास्त. कोणतीही जोडी, कोणताही एक्का, कोणतीही दोन चित्रपानं इथे पुरेशी आहेत.

हेच तुम्ही चार बिग ब्लाइंडवर आल्यावर केलंत तर चालत नाही. तुमचे ८,००० पुढे आले की बिग ब्लाइंडवाल्याला आणखी ६,००० भरून १३,००० जिंकायचे असतात. त्याला ३२ टक्के शक्यता पुरते आणि तेवढी जवळजवळ कुठल्याही दोन पानांना असते. म्हणून तो फोल्ड होणार नाही. बारा ते आठमध्ये धाडस न करता चारवर आल्यावर करणं, ही नवख्यांची सगळ्यात महागडी चूक.

ब्रेक दर दोन तासांनी दहा-पंधरा मिनिटांचे असतात. १०० च्या चिप्सची गरज संपली की अशाच एका ब्रेकमध्ये त्या काढून मोठ्या चिप्स देतात. सुट्या उरलेल्या चिप्ससाठी पानं वाटून सोडत काढतात, त्यात कोणी बाहेर पडत नाही. उशिरा प्रवेशाची सोय असते म्हणून सहाव्या लेव्हलला येऊन बसू नका, २०,००० म्हणजे तेव्हा २५ बिग ब्लाइंड. शिकण्याचा स्वस्त भाग तेवढ्यात संपलेला असतो. पुन्हा प्रवेश घेण्याचंही हेच. किती वेळा घ्यायचा हे फी भरायच्या आधी ठरवा, बाहेर पडल्यावर रागाच्या भरात नाही. आपल्याकडच्या कायद्यात हा खेळ बसतो का, जागा परवानाधारक आहे का, हेही आधीच बघा.

बक्षिसाची यादी साधारणपणे पहिल्या १० ते १५ टक्क्यांपर्यंत जाते आणि सगळ्यात खालचं बक्षीस फीच्या दीड ते दोन पट असतं. म्हणजे चांगलं खेळूनही बहुतेक वेळा हात हलवत परत यायचं असतं. यादीला एक-दोन जण बाकी राहिले की बबल सुरू होतो. डीलर प्रत्येक डाव संपला की थांबतात, सगळ्या टेबलांचा डाव संपल्यावरच पुढचा वाटतात. त्यामुळे मुद्दाम वेळ काढण्याचा फायदा उरत नाही. तसं करणाऱ्यावर कोणीही घड्याळ (वेळेची मर्यादा) मागू शकतो, मग साधारण अर्धं मिनिट मिळतं, तेवढ्यात निर्णय झाला नाही तर पानं मृत.

बबलवर चिप्सचं आणि पैशांचं नातं बदलतं. छोटं उदाहरण: चौघे उरलेत, प्रत्येकाकडे सारख्या चिप्स, बक्षिसं तिघांना, एकूण रकमेच्या ५०, ३० आणि २० टक्के. प्रत्येकाचा वाटा आत्ता २५ टक्क्यांचा. तुम्ही ऑल-इनला कॉल करून जिंकलात तर चिप्स दुप्पट होतात, पण वाटा ५० होत नाही, ३८.३ होतो. हरलात तर शून्य. म्हणजे कॉल करायला तुम्हाला ६५ टक्के शक्यता हवी. समोरचा डोळे मिटून कुठलीही पानं ढकलतोय हे माहीत असलं तरी एक्का-राजाला जेमतेम तेवढी शक्यता असते. त्याच्याकडे एक्का-राजा आणि तुमच्याकडे राणीची जोडी असेल तर ५७ टक्केच. फोल्ड. यातून दोन गोष्टी निघतात. कॉल करताना अत्यंत कंजूष व्हा. आणि ऑल-इन स्वतः करायचा असेल तर आत्ता करा, कारण समोरच्यालाही हाच हिशोब लागू आहे आणि त्याच्या हातून कॉल होत नाही. अपवाद दोन: तुमच्यापेक्षा मोठा स्टॅक असलेल्याच्या वाटेला मजबूत पानांशिवाय जाऊ नका, आणि शेजारच्या टेबलावर कोणाकडे एक-दोन बिग ब्लाइंडच उरले असतील तर त्याला आधी जाऊ द्या.

शेवटच्या टेबलावर दोघे-तिघे उरले की कोणीतरी वाटणीचा प्रस्ताव मांडतो. इथे अनुभवी लोक हौशी माणसाला गोडीगोडीने गंडवतात, तेव्हा आकडे कळायला हवेत. तिघे उरलेत, बक्षिसं पुन्हा ५०, ३०, २० आणि चिप्स ७०, २० आणि १० टक्के. एक पद्धत म्हणजे प्रत्येकाला तिसरं बक्षीस, म्हणजे २०, देऊन उरलेले ४० चिप्सच्या प्रमाणात वाटणं. मग वाटे होतात ४८, २८ आणि २४. दुसरी पद्धत आयसीएमची (इंडिपेंडंट चिप मॉडेल), त्यात प्रत्येकाची पहिला, दुसरा, तिसरा येण्याची शक्यता मोजतात. तिचे वाटे ४३.५, ३०.९ आणि २५.६. मोठा स्टॅकवाला पहिली पद्धतच सुचवणार, ती ‘सोपी’ आहे म्हणून. तुम्ही मधले असाल तर त्या सोपेपणात तुमचे जवळजवळ तीन टक्के जातात. फ्लोअरकडे आयसीएमचे आकडे मागा, बहुतेकांकडे ते काढायची सोय असते. प्रत्येकाचा होकार लागतो आणि नकाराचं कारण द्यावं लागत नाही. ठरलंच, तर रक्कम फ्लोअरने कागदावर लिहून सगळ्यांकडून मान्य करून घेतल्याशिवाय चिप्सला हात लावू नका. ट्रॉफी आणि विजेत्यासाठी बाजूला ठेवायची रक्कम, असली तर, याच कागदावर लिहून घ्या.